बिनपाण्याचं सरबत

मृग लागायच्या आधी वर्षातून आठ दिवस असे येतात की टरबूज अजून पुरतं संपलेलं नसतं आणि जांभूळ नुकतं काळं व्हायला लागलेलं असतं. आंबा तर असतोच. एखाद्या उशिरा फळलेल्या फांदीला कैरी लोंबत असते आणि बाजाराच्या कोपऱ्यात खरबुजाची शेवटची पाटी घेऊन एखादी म्हातारी बसलेली असते. हे मला पंचांगानं सांगितलं नाही, आष्टीच्या एका ड्रॉइंग मास्तरांनी सांगितलं. "गुरुजी, या आठ दिसांत सगळी फळं येकमेकाला भेटतात," ते म्हणायचे. "जानारा आन् येनारा येकाच उंबऱ्यात उभा ऱ्हातो. मंग दार लागतं." आता मास्तरसाब नाहीत, निजामाची मोगलाईही गेली. तरी त्या आठ दिवसांत दुपारी माझा डोळा लागला की पांढऱ्या भिंतीवर रंगांचे पट्टे हलताना दिसतात. सून म्हणते, मामंजी झोपेत हसतात. हसत असेन बुवा.

मी उमापूरच्या कुणब्याचं पोर. आष्टीच्या सरकारी शाळेत भूगोल आणि थोडंफार शास्त्र शिकवायला लागलो तेव्हा मिसरूडही धड फुटली नव्हती. राहायला मास्तरसाबांच्या ओसरीवरची खोली मिळाली. निघताना आईनं बजावलं होतं, "त्यांच्या घरात ऱ्हा, बोल, बस, पन पान्याचं तेवढं बघ." मास्तरसाब मुसलमान. मी पितळेचा तांब्या घेऊन गेलतो. सकाळी आडावरून भरून आणायचा आणि खोलीत खुंटीखाली झाकून ठेवायचा. मास्तरसाबांनी त्या तांब्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "घाट झकास हाय. एक दिवस त्याचं चित्र काढू." एवढंच. मला तेव्हा वाटलं, सुटलो!

काय माणूस होता! उंच, वाळकुडा, डोक्यावर विटलेली तुर्की टोपी, कानात अत्तराच्या फायाऐवजी पेन्सिलीचा तुकडा. बायको फार पूर्वी गेलेली, एकुलती मुलगी हैद्राबादेत दिलेली. घरात माणूस एक आणि रंग शंभर. तांबडा, पिवळा, हिरवा हे शब्द त्यांच्या तोंडात कधी यायचेच नाहीत. ते म्हणायचे, टरबुजाच्या सालीजवळचा गुलाबी. आंब्याच्या कोयीजवळचा पिवळा. तहसीलदारसाहेबांच्या नव्या शेरवानीला ते भर कचेरीत "अर्ध्या पिकल्या जांभळाचा रंग" म्हणाले होते, आणि साहेबांनी आठवडाभर ती शेरवानी घातली नव्हती.

एकदा एका पोरानं निळा आंबा काढला. मी हसलो. मास्तरसाबांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मी म्हटलं, "मास्तरसाब, आंबा निळा असतो का?" तर म्हणाले, "त्यानं पाह्यला आसंल. तुमी आंबा बघता तवा डोळे मिटून बघता का कधी?" दुसऱ्या दिवशी मी खरंच डोळे मिटून पाहिलं. काही दिसलं नाही, पण वास फार छान आला.

दुपारी ते पोटावर टरबूज ठेवून पडायचे. अगदी शांत, डोळे अर्धे मिटलेले, एक हात टरबुजावर. बोटांनी हळूच टिचकी मारायची आणि कान द्यायचा. सीनेच्या वाळूतल्या वाडीवरून आणलेली पाच-सहा टरबुजं घरात असायची, त्यांतलं कुठलं आज बोलतंय आणि कुठलं उद्या बोलेल, हे त्यांना कळायचं. मी विचारायला गेलो तर ओठांवर बोट ठेवायचे. त्या घरातल्या दुपारी अशाच जायच्या, बाहेर आष्टीचं ऊन रखरखतंय आणि आत एक माणूस टरबुजाचं ऐकतोय.

आणि मग ते सरबत. गावात त्याला "बिनपान्याचं सरबत" म्हणायचे. मास्तरसाबांचा नियम एकच, त्यात पाण्याचा थेंब पडता कामा नये. साखरेचा पाक चालायचा नाही, कारण पाकाला पाणी लागतं. म्हणून बालाघाटच्या डोंगरातला मध. जांभळाच्या गरात सगळ्यांत जास्त मध, तो ग्लासाच्या तळाशी. त्यावर आमरस, त्यात मध थोडा कमी. त्यावर खरबूज. त्यावर कैरी आणि पुदिना वाटून गाळलेला हिरवा रस. सगळ्यांत वर टरबूज, मधाशिवाय. पळी उलटी धरायची आणि तिच्या पाठीवरून एकेक रस असा उतरवायचा की खालच्याला पत्ता लागू नये. "घाई केली की रंग भांडतात," ते म्हणायचे. श्वास रोखून ओतायचे. मीसुद्धा उगीच श्वास रोखायचो.

दुपार कलली की पश्चिमेच्या खिडकीतून तिरीप यायची. मास्तरसाब ग्लास खिडकीत ठेवायचे आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर जांभळा, पिवळा, पांढुरका, हिरवा, तांबडा असे पट्टे उमटायचे. थरथरायचे, हळूहळू वर सरकायचे. कानातली पेन्सिल काढून मास्तरसाब त्या पट्ट्यांच्या कडेनं रेघा मारायचे. अशी दरसालची एक खूण. भिंत रेघांनी भरली होती. त्या वेळी त्यांच्याशी बोललं तरी त्यांना ऐकू यायचं नाही. भिंतीवरचा रंग माझ्या सदऱ्यावर आला की मी सरकायचोसुद्धा नाही.

फळाला विटाळ नाही, पाणी नाही, तेव्हा मला काही अडचण नव्हती. आईच्या नियमात बसत होतं. मी प्यायचो आणि वाहवा करायचो. शाळेतले बाकीचेही प्यायचे. मास्तरसाब मात्र स्वतः एक थेंब चाखायचे नाहीत. "चव तुमी सांगा," म्हणायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "पहिला ग्लास त्याचा. मंग माजा."

तो म्हणजे अप्पा.

अप्पांचं बाजारपेठेत किराण्याचं दुकान. लिंगायत वाणी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अंगानं ऐसपैस, आवाज असा की कुजबुजले तरी कोतवालाला ऐकू जावं. मास्तरसाब आणि अप्पा लहानपणापासूनचे जोडीदार. रोज संध्याकाळी अप्पा आमच्या ओसरीवर येऊन बसायचे, तास तास भांडायचे, हसायचे, आणि तोंडात सुपारीचं खांडसुद्धा न टाकता उठून जायचे. पन्नास वर्षं!

त्याची गोष्ट मला मास्तरसाबांनीच सांगितली, टरबुजावर हात ठेवून, वर आढ्याकडं बघत. दोघं दहा-अकरा वर्षांचे असतील. भर उन्हात विहिरीत पोहून आले. अप्पांना ऊन लागलं, डोळे फिरायला लागले. मास्तरसाबांच्या अम्मीनं माठातलं पाणी दिलं आणि पोर ते घटाघटा प्यालं. घरी कळलं. अप्पांच्या आईनं त्यांना मारलं नाही, रागावलीही नाही. ती नुसती जेवायची थांबली. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पोरानं लिंग हातात धरून शपथ घेतली की आता बाहेर कुणाच्या घरचं पाणी घेणार नाही, आणि मग ती माउली जेवली.

"त्याच्या आईचं चुकलं आसं मी कधी म्हनलो न्हाई," मास्तरसाब म्हणाले. "पन माजी अम्मी मरेपर्यंत इचारायची, त्या पोराला पुन्हा तहान लागली आसंल, तवा कुनी दिलं आसंल?"

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. लाज वाटली. पण लाज वाटणं आणि तांब्या सोडणं यांत लई अंतर असतं. मी खोलीत जाऊन माझ्याच तांब्यातलं पाणी प्यालो.

तर ते बिनपाण्याचं सरबत हे सगळं अप्पांसाठी होतं. शपथ पाण्याची होती ना, मग पाणीच नको! पण अप्पा काही कमी नव्हते. दरसाली एक नवी शंका. पहिल्या साली म्हणाले, "साखर व्हय? तिला पाकात पानी लागतं बे." म्हणून मध आला. पुढल्या साली, "फळं धुतली कुटल्या पान्यानं?" म्हणून फळं अप्पांच्याच विहिरीवर, अप्पांच्याच गड्याकडून धुऊन यायला लागली. मग, "भांडं?" अप्पा म्हणाले, माजा चांदीचा पेला आनतो. मास्तरसाब उसळले, "चांदीत रंग दिसंल का बे? मंग काढ्यासारखं पी की डोळे मिटून!" शेवटी कोरा काचेचा ग्लास आणला, आणि तो आपल्या घरात ठेवायचाच नाही म्हणून अप्पांच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागं ठेवला. ग्लासाला मुंग्या लागल्या, पण सोवळं सांभाळलं.

असं करत करत अप्पांच्या शंका संपल्या. आणि नेमकं त्याच साली मास्तरसाब नोकरीतून मोकळे झाले. मुलीचं पत्र आलं, अब्बा, आता एकटे राहू नका. पाऊस सुरू झाला की रस्ते बंद होतील, त्याआधी जायचं ठरलं. म्हणजे हातात ते आठ दिवसच राहिले.

"गुरुजी," मास्तरसाब मला म्हणाले, "येकदा त्यानं माज्या घरात कायतरी घ्यावं. बस. मंग मी कुटंबी जातो."

अप्पांनी शब्द दिला. "शुक्रवारी येतो. न्हाईतर तू हैद्राबादेत जाऊन माज्या नावानं बोंबलशील."

आता इथं एक घोळ झाला, आणि तो प्रेमापोटी झाला. अप्पा सहज बोलता बोलता म्हणाले, नगरला सायब लोक म्हणे सरबतात बर्फ घालून पितात, आपण तर बर्फ डोळ्यांनीबी पाह्यला न्हाई. झालं! मास्तरसाबांच्या डोळ्यांत तो बर्फ चमकायला लागला. नगरच्या सर्विस मोटारच्या ड्रायव्हरला सांगून त्यांनी भुश्यात गुंडाळलेली बर्फाची लादी मागवली. मोटार इंग्रजी हद्दीतून यायची आणि मोगलाईच्या हद्दीवर करोडगिरीचा नाका. माल आला की तिथं महसूल लागायचा. मोटार नाक्यावर फार थांबते म्हणून आम्ही दोघं शुक्रवारी सकाळीच टांगा करून तिथं जाऊन बसलो.

नाक्यावरचा कारकून भला माणूस होता, पण भलताच नेमाचा. गोणी उघडून त्यानं आत पाहिलं, बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"ये क्या चीज है?"

"बर्फ."

त्यानं महसुलाची यादी काढली. बर्फ यादीत नव्हता. काच होती, मीठ होतं, तुरटी होती, खडीसाखर होती. त्यानं प्रत्येक नाव वाचून गोणीकडं बघायचं आणि मान हलवायची. इकडं गोणीखालून धार लागलेली. मास्तरसाब एकदा धारेकडं बघायचे, एकदा यादीकडं. शेवटी त्यांनी बर्फाचा एक खडा काढला, कारकुनाच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "मूठ मिटा साहेब. थोडी देर."

कारकुनानं मूठ मिटली. नाक्यावरचे सगळे भोवती गोळा झाले. त्याच्या मनगटावरून पाणी ओघळायला लागलं. मग मास्तरसाबांनी मूठ उघडायला लावली. आत काही नव्हतं.

"पानी पे महसूल है क्या?"

"नहीं."

"तो ये पानी है साहब. सिर्फ पानी!"

कारकुनाला ते इतकं पटलं की त्यानं चोपडीत लिहून घेतलं, पाणी, गोणी एक, माफ. आम्ही विजयी वीरांसारखे टांग्यात बसलो. वाटेत मास्तरसाब मूठ मिटत होते, उघडत होते आणि पोरासारखे हसत होते. आणि मी, शास्त्र शिकवणारा मास्तर, त्यांच्याबरोबर टाळ्या देत हसत होतो! माझ्याही डोक्यात आलं नाही. ही चूक त्यांची एकट्याची नाही.

दुपार कलायच्या वेळेला अप्पा आले. अंगावर धुतलेलं धोतर, हातात तो कोरा ग्लास, फडक्यात बांधलेला. त्या शपथेनंतर पहिल्यांदा ते ओसरी ओलांडून आतल्या खोलीत येऊन बसले. मास्तरसाबांनी पळी उलटी धरली. जांभूळ उतरलं. आंबा उतरला. खरबूज, कैरी, टरबूज. एकही रंग दुसऱ्यात शिरला नाही. मी तीन वर्षं ते बघत होतो, पण असा ग्लास कधी झाला नव्हता. वर त्यांनी बर्फाचा खडा अलगद सोडला आणि ग्लास खिडकीत ठेवला.

भिंतीवर पट्टे उमटले. बर्फामुळं या वेळी त्यांच्या वर एक पांढरा उजेडही नाचत होता. अप्पांचं तोंड उघडंच राहिलं. "आरं तिच्या मारी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खालच्या पट्टीत लागला. "माज्या पाई दरसाली ह्ये करत व्हतास?"

मास्तरसाब खिडकीशी गेले. त्यांनी ग्लास उचलून अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी ग्लास ओठांजवळ नेला. थंडगार वाफ नाकाला लागली तशी खूश होऊन म्हणाले, "ह्यो बर्फ आनला कसा बे पन?"

आणि मास्तरसाब सांगायला लागले! कारकून, यादी, तुरटी, खडीसाखर, सगळं सोंगासकट. अप्पांचं पोट गदागदा हलत होतं. मास्तरसाबांनी मूठ मिटली, उघडली, "मंग म्या म्हनलं, साहेब, ये पानी है. सिर्फ..."

ते तिथंच थांबले.

मूठ उघडीच राहिली. अप्पांचं हसू विरलं. तिघांनीही ग्लासाकडं पाहिलं. बर्फाचा खडा अर्धा झाला होता आणि त्याचं पाणी टरबुजातून खाली उतरत होतं. टरबूज कैरीत शिरलं, कैरी खरबुजात. मास्तरसाबांनी घाईनं हात पुढं केला, तो खडा बोटांनी काढायला. खडा निसटून ग्लासभर फिरला आणि उरलेले रंगही ढवळले. मग त्यांनी हात मागं घेतला आणि खाली बघत बसले. ग्लासातले पट्टे मातकट झाले. मला रडू आलं. पन्नास वर्षांचं मागणं त्या पोरकट खड्यात बुडालेलं मी समोर बघत होतो.

"पानी गेलं का त्यात?" अप्पांनी विचारलं.

"गेलं," मास्तरसाब म्हणाले.

अप्पांनी ग्लास खाली ठेवला आणि उठले. मला वाटलं, निघाले. ते दाराकडं गेले नाहीत. कोपऱ्यात तिवईवर माठ होता, त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. आमच्याकडं पाठ होती. हात गळ्यातल्या लिंगावर होता.

"माठ तोच हाय का बे? अम्मीचा?"

"न्हाई. त्यो फुटला. जागा तीच हाय."

"मंग दे."

मास्तरसाबांना कळेना. "काय?"

"पानी दे की. लागलीय तहान. इतका घोळ कावून घातला समदा? पानीच घालायचं व्हतं तर पानीच द्यायचं!"

"आरं पन... तुजी शपथ..."

"आईनं तवा दोन दिस जेवन सोडलं व्हतं," अप्पा म्हणाले. "म्या पन्नास वर्सं पाळली तिच्यासाटी. आता वर गेल्यावर तिला काय सांगायचं त्ये माजं मी सांगीन. तुज्या अम्मीलाबी सांगायचंय, तहान लागली व्हती म्हनून. दे."

मास्तरसाबांनी वगराळ्यानं पाणी काढलं आणि सवयीनं वरून धरलं, ओंजळीत सोडायला. अप्पांनी ओंजळ केली नाही. "तसं न्हाई. तुज्या पेल्यात दे." मास्तरसाबांचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनमचा, पोचे पडलेला पेला होता. त्यात अप्पा पाणी प्याले, घटाघटा, मानेवरून, सदऱ्यावरून सांडत. मास्तरसाब भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मग अप्पा खाली बसले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "आन आता ते तुजं रंगीत. वाया कावून घालवायचं?" अर्धं ते प्याले आणि उरलेलं त्यांनी मास्तरसाबांच्या हातात दिलं. आता पहिला ग्लास झाला होता. मास्तरसाबांनी ते सगळे रंग एक झालेलं सरबत जन्मात पहिल्यांदा तोंडाला लावलं. एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"लई गोड झालंय बे!"

"मंग?" अप्पा म्हणाले. "जिभंला चिकटतंय."

मास्तरसाब माझ्याकडं वळले. "गुरुजी! तीन वर्सं तुमी वाहवा करत व्हता!"

त्यांनी माझ्याही पुढं उरलेल्या रसांचा एक ग्लास भरून सरकवला. मी तो नेहमीसारखा संपवला आणि नेहमीसारखाच मधानं घसा सुकला. दरवेळी मी सरबत संपवून, काहीतरी निमित्त काढून, खोलीत जाऊन तांब्यातलं पाणी प्यायचो. खोली दहा पावलांवर होती. तांब्या भरलेला होता. मी उठायला लागलो आणि पुन्हा खाली बसलो.

अप्पांजवळ पडलेला तो पोचे पडलेला पेला मी घेतला आणि मास्तरसाबांपुढं धरला.

त्यांनी तो भरला. माझ्या हातात देताना माझ्याकडं नीट बघितलं, अगदी टरबुजाला कान देताना बघायचे तसं, आणि हळूच म्हणाले, "तुमालाबी तहान व्हती, गुरुजी? मंग तीन वर्सं बोल्ला न्हाईत कावून?"